‘हे माझी ओळख विसरले आणि दुसरीचा हात धरून बसलेत’

पत्र थोडक्यात असं : ‘मी ७४ वर्षांची, दादरला राहते. लग्नाला ५१ वर्षं झाली. ह्यांना अल्झायमर आहे. एकदा घरातून निघून माहीमपर्यंत चालत गेले, तेव्हा नाइलाजाने बोरिवलीच्या केअर होममध्ये ठेवलं. तिथल्या एका विधवा बाईंसोबत ते आता दिवसभर असतात, हातात हात घालून. त्यांनाही विस्मरण आहे. गेल्या गुरुवारी ह्यांनी मला “बसा ना ताई” म्हटलं आणि त्यांच्याकडे बोट दाखवून “ही आमची मंडळी” अशी ओळख करून दिली. मुलगा म्हणतो, बाबांना दुसरीकडे हलवू. मग माझा संसार कुठे गेला?’

काकू, आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल बोलते. अल्झायमर बहुतेकदा मेंदूच्या ज्या भागात नव्या आठवणी तयार होतात तिथून सुरू होतो. कालचं आधी पुसलं जातं, तरुणपणीचं बराच काळ टिकतं. तुमचे यजमान मनाने कदाचित पस्तिशीत असतील आणि काळ्याभोर केसांच्या तुम्हाला शोधत असतील. समोरच्या पिकल्या केसांच्या बाईत त्यांना तुम्ही सापडत नाही. पण शेजारी आपली बायको असायला हवी, ही ओढ अजून शाबूत आहे. ती ५१ वर्षांत तुम्हीच लावलीत. त्या बाई तुमच्याच जागेवर बसल्या आहेत.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायमूर्ती सँड्रा डे ओ’कॉनर २००६ मध्ये निवृत्त झाल्या, तेव्हा पतीचा अल्झायमर हे त्यामागचं मोठं कारण होतं. पुढच्याच वर्षी त्यांच्या मुलाने जाहीरपणे सांगितलं की, केअर होममधल्या एका बाईंवर वडिलांचा जीव जडलाय आणि ते शांत झालेत म्हणून आईला बरं वाटतंय. हा मोठेपणा तुम्हीही दाखवा, असं मी मुळीच म्हणणार नाही. तुम्हाला राग येऊ दे, रडू येऊ दे. तुमचं माणूस तुमच्यापासून गेलंय, पण समाचाराला कोणी येत नाही, कारण लोकांच्या लेखी ते आहेच.

हलवण्याची घाई मात्र नको. नवी खोली, नवं न्हाणीघर, नवे चेहरे यांनी अशी माणसं फार भांबावतात. कोणाला शोधतोय हे न कळता ते शोधतच राहतील.

त्याआधी त्या बाईंचा विचार करा, कारण त्याही स्वतःची बाजू मांडू शकत नाहीत. रोज सांभाळणाऱ्या मावशींना विचारा : हे जवळ आले की त्या खुलतात की अंग चोरतात? हात सोडवून घेतात का? त्यांच्या मुलांना हे माहीत आहे का? नसेल तर व्यवस्थापकांना सांगून त्यांना भेटाच. त्या घाबरत असतील तर त्याच दिवशी दोघांना वेगळं ठेवायला हवं. यजमान कपडे काढू लागले, इतर बायकांच्याही अंगाशी जाऊ लागले, तर लाजून गप्प राहू नका, मानसोपचारतज्ज्ञांना सांगा. तोही आजाराचा भाग असू शकतो.

भेटायला शक्यतो सकाळी जा, संध्याकाळी अशा रुग्णांची बेचैनी वाढते. ‘मी कोण, सांगा बघू’ असं विचारू नका, चूक दुरुस्तही करू नका. त्यांच्या आवडीचं काही खायला न्या, जुन्या गोष्टी काढा. भेटीत काय झालं ते ते विसरतील, पण भेटीने आलेलं बरं वाटणं त्यानंतरही काही वेळ मनात राहतं. आणि एखाद्या गुरुवारी पाऊल उचलवत नसेल तर जाऊ नका. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे, मन मोकळं करायलाही तिथे फोन करता येतो.

मुलाला एवढंच म्हणा : ठरवण्याआधी एका रविवारी माझ्याबरोबर चल, तासभर बाबांजवळ बस, मग घरी येऊन आपण बोलू.