हायब्रीड ओटी : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात हायब्रीड ओटीची, म्हणजे जिथे अँजिओग्राफीचे यंत्र ऑपरेशन टेबलापाशीच कायमचे बसवलेले असते त्या शस्त्रक्रियागृहाची ओळख करून दिली होती. त्यावर पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

प्रश्न : वडील ७६ वर्षांचे आहेत. पोटातल्या महाधमनीला ५.८ सेंमीचा फुगवटा निघाला आहे. पोट न उघडता जांघेतून स्टेंट ग्राफ्ट (जाळीच्या आधाराची कापडी नळी) बसवू, पण हायब्रीड ओटीतच, असे डॉक्टर म्हणतात. खर्च वाढतोय. साध्या कॅथलॅबमध्ये (अँजिओग्राफीच्या खोलीत) नाही का चालणार? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : पुरुषांमध्ये फुगवटा साधारण ५.५ सेंमीच्या पुढे गेला की तो फुटण्याचा धोका शस्त्रक्रियेच्या धोक्यापेक्षा मोठा मानतात, त्यामुळे उपचाराचा सल्ला रास्त आहे. अर्जेंटिनाचे सर्जन हुआन पारोदी यांनी १९९० मध्ये ब्यूनोस आयरिसला ही पद्धत पोटातल्या महाधमनीसाठी वापरली, आणि आज ती कॅथलॅबमध्येही होते. सगळे सुरळीत पार पडले तर जागेने फरक पडत नाही. प्रश्न बिनसल्यावरचा आहे. कडक झालेली जांघेकडची धमनी नळी सरकवताना फाटते, किंवा ग्राफ्ट घसरून मूत्रपिंडाच्या धमनीचे तोंड झाकतो. तेव्हा काही मिनिटांत पोट उघडावे लागते, आणि कॅथलॅबची हवा, दिवे, टेबल त्यासाठी बनवलेले नसतात. रक्तस्राव चालू असताना रुग्णाला दुसऱ्या मजल्यावर नेणे म्हणजे हातची वेळ घालवणे.

याउलट, साध्या ओटीत फिरता सी-आर्म (इंग्रजी C च्या आकाराचे एक्स-रे यंत्र) आणून केले तर लांबलेल्या केसमध्ये यंत्र तापते, जाड रुग्णात चित्र पुसट येते आणि ग्राफ्टच्या वरच्या टोकातून होणारी बारीक गळती नजरेतून सुटू शकते.

डॉक्टरांना हे नक्की विचारा : क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) किती आहे आणि डाय (रक्तवाहिन्या चित्रात दिसाव्यात म्हणून सोडायचे औषध) किती लागेल? वडील मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असतील तर ती थांबवायची का? पोट उघडू शकणारा सर्जन पहिल्यापासून खोलीत असेल, की फोन केल्यावर येईल? आणि नंतरचे सीटी स्कॅन कधी कधी? ही तपासणी जन्मभर चालते. तिचा खर्च आजच हिशेबात धरा.

प्रश्न : आमचे तीस खाटांचे रुग्णालय आहे. ४०० चौरस फुटांच्या ओटीत स्थिर सी-आर्म बसवून ती हायब्रीड करायची आहे. यंत्र विकणारे म्हणतात, बसेल. – एक डॉक्टर, चिंचवड

उत्तर : यंत्र बसेल, माणसे बसणार नाहीत. भूलतज्ज्ञ, दोन सर्जन, कार्डिओलॉजिस्ट, परफ्युजनिस्ट (हार्ट-लंग मशीन चालवणारा), तंत्रज्ञ, सिस्टर मिळून दहा-पंधरा जण सहज होतात. त्यात हार्ट-लंग मशीन, भुलीचे वर्कस्टेशन, इको, ट्रॉल्या. नुसत्या खोलीलाच साधारण ७० चौरस मीटर, म्हणजे ७५० चौरस फूट धरतात. शिसेकाचेच्या खिडकीची कंट्रोल रूम आणि एक्स-रे जनरेटर आणि कॅबिनेटची तांत्रिक खोली त्याशिवाय. शेजारची खोली घेता येत नसेल, तर हा बेत सोडून द्यावा असे आमचे स्पष्ट मत आहे.

जागा मिळालीच, तर सर्वांत आधी छताकडे पाहा. बहुतेक आराखडे तिथेच फसतात. टेबलाच्या बरोबर वर लॅमिनार फ्लोचा, म्हणजे गाळलेली हवा सरळ खाली सोडणारा हेपा बॉक्स हवा, तिथेच ओटी लाइट, पेंडंट (गॅस-विजेची जोडणी देणारा टांगता खांब), मॉनिटरचा बूम (टांगता दांडा) आणि टांगती शिसेकाच या सगळ्यांना जागा पाहिजे. त्यात सी-आर्म छतावरून लटकणारा घेतला तर त्याचे रूळ टेबलावरच्या हवेच्या झोतात येतात, झोत फुटतो आणि रुळांवरची धूळ पुसणे हे रोजचे काम होऊन बसते. शेकडो किलोंचे हलते वजन असल्याने स्लॅबला स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला लागतो, जुन्या इमारतीत पोलादी तुळयाही टाकाव्या लागतात. जमिनीवरचा सी-आर्म छत मोकळे ठेवतो, पण रुग्णाच्या डोक्याशी, म्हणजे भूलतज्ज्ञाच्या जागेवर, ठाण मांडतो. हृदय आणि महाधमनीचेच काम मुख्य असेल, तर काम नसताना कोपऱ्यात सरकून उभा राहणारा जमिनीवरचा प्रकार आम्ही सुचवू.

हवेचे आकडे एनएबीएचचे (रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या मंडळाचे) पाळा : तासाला किमान २० वेळा हवा बदल, त्यातले ४ बाहेरच्या ताज्या हवेचे, तापमान २१ अंश सेल्सियसच्या ३ अंश इकडेतिकडे, आर्द्रता २० ते ६० टक्के, बाहेरपेक्षा किमान २.५ पास्कल जास्त दाब. पुण्यात जून ते सप्टेंबर आर्द्रता आवरणे हेच अवघड जाते. रात्री एसी बंद ठेवून सकाळी एकदम गारवा केला की थंड भागांवर दव धरते. ते डिटेक्टर (एक्स-रे चित्र टिपणारा भाग) आणि इलेक्ट्रॉनिक्सला मारक. तांत्रिक खोलीचा एसी वेगळा आणि चोवीस तास चालू ठेवा.

भिंतींना साधारण २ मिमी शिसे किंवा २३ सेंमी पक्क्या विटांचे संरक्षण लागते. दरवाजा आणि काचही त्याच तोडीची हवी. दरवाजाच्या चौकटीची फट आणि भिंतीतल्या स्विचबॉक्समागची पोकळी हमखास राहून जातात. मंजुरी एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) ई-लोरा पोर्टलवरून आधी आराखड्याला घ्या, नंतरच बांधकाम. मग खरेदी, बसवणे, गुणवत्ता चाचणी, किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याची नेमणूक आणि शेवटी वापराचा परवाना.

विजेचे म्हणाल, तर यंत्राचा एक्स-रे जनरेटर ८० ते १०० किलोवॅटच्या घरातला असतो. पूर्ण भाराचा यूपीएस परवडत नसेल, तरी निदान फ्लुओरोस्कोपी (एक्स-रेचे हलते चित्र), टेबलाची हालचाल आणि मॉनिटर त्यावर असलेच पाहिजेत. महावितरणचा पुरवठा गेला आणि डीजी सेट (डिझेलवर चालणारा जनित्रसंच) भार उचलेपर्यंत पडदा काळा झाला, तर अर्धा उघडलेला ग्राफ्ट हातात राहतो.

प्रश्न : थ्रीडी स्पिन घेताना सी-आर्म दर वेळी कशाला तरी अडकतो आणि ड्रेप (रुग्णावरचे निर्जंतुक कापड) अनस्टेराइल होतो. क्रम कसा असावा? – ओटी सिस्टर, हडपसर

उत्तर : स्पिनमध्ये सी-आर्म पाच-सहा सेकंदांत रुग्णाभोवती सुमारे २०० अंश फिरतो. एरवी टेबलाखाली असणारी एक्स-रे ट्यूब तेव्हा बाजूने वर येते आणि लोंबणाऱ्या ड्रेपला घासते. खरा घोळ इथे होतो. म्हणून स्पिनआधी दोन्ही बाजूंचे लोंबते ड्रेप वर घेऊन रुग्णाभोवती गुंडाळा, वरून एक मोठी स्टेराइल चादर पसरा आणि स्पिन झाल्यावर ती काढून टाका.

नळ्यांची तयारी मात्र ड्रेपिंगच्या आधीच व्हायला हवी. व्हेंटिलेटरची नळी लांब घ्या, आयव्हीला एक्स्टेन्शन लावा, सगळ्या तारा-नळ्या एकाच बाजूने एकत्र बांधून टेबलालगत न्या. छातीवर किंवा पोटावर काम असेल तर रुग्णाचे हात कुठे ठेवायचे हेही तेव्हाच ठरते. मग किरण न सोडता सी-आर्म हळूहळू पूर्ण फिरवून चाचणी फेरी घ्या. ही फेरी रुग्ण झोपवल्यावर एकदा आणि प्रत्यक्ष स्पिनच्या आधी पुन्हा एकदा, कारण मधल्या वेळात कोणीतरी टेबल उंच केलेले असते. धातूचे रिट्रॅक्टर काढा, नाहीतर चित्रात पांढऱ्या रेघा येतात. भूलतज्ज्ञ श्वास थांबवतात, उरलेले सगळे शिसेकाचेमागे जातात, मग स्पिन.

आणखी एक गोष्ट ओटीच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखी आहे. कार्बन फायबरचे तरंगते टेबल पुढे सरकवलेले असताना सीपीआर (छाती दाबून हृदय चालू ठेवणे) करावा लागला, तर आधी फळी मागे खांबावर आणून लॉक करा. नाहीतर छाती दाबली जात नाही, फळीच लवते.

प्रश्न : तंत्रज्ञ आहे, नुकतीच गरोदर राहिले. काम सोडावे का? – सदाशिव पेठ

उत्तर : सोडायची गरज नाही, पण आजच लेखी कळवा. कळवल्यापासून बाळासाठीची किरणांची मर्यादा उरलेल्या गरोदरपणात १ मिलिसिव्हर्ट (किरणांच्या मात्रेचे एकक). टीएलडी बॅज (किरणांची मात्रा मोजणारा बिल्ला) शिशाच्या ॲप्रनच्या आत लावा आणि शक्यतो कंट्रोल रूमचेच काम मागून घ्या. खोलीत जावेच लागले तर ट्यूबच्या बाजूला उभ्या राहू नका. विखुरलेले किरण तिथे सर्वाधिक असतात. अंतर दुप्पट केले की मात्रा चौथाईवर येते, हे मागे सरकताना लक्षात असू द्या.

प्रश्न : मेंदूच्या शस्त्रक्रियेत ओटीतच एमआरआय कशासाठी? आधीचे स्कॅन असतेच ना? – बी.एस्सी. विद्यार्थी, कर्वेनगर

उत्तर : कवटी उघडून मेंदूभोवतीचे पाणी वाहून गेले की मेंदू खाली बसतो, काही वेळा सेंटिमीटरभरही. आधीच्या स्कॅनवर चालणारे नॅव्हिगेशन (अवजार मेंदूत कुठे आहे ते दाखवणारी यंत्रणा) तेव्हा चुकीची जागा दाखवू लागते. मध्येच नवे स्कॅन घेतले की गाठीचा उरलेला भाग दिसतो. १९९४ मध्ये बोस्टनला ०.५ टेस्ला (चुंबकाच्या ताकदीचे एकक) चुंबकाने हे सुरू झाले.

धोका लोखंडाचा. २०१८ साली मुंबईत एमआरआयच्या खोलीत ऑक्सिजन सिलिंडर नेल्याने एका माणसाचा जीव गेला. ओटीत तर शेकडो धातूची अवजारे असतात. म्हणून जमिनीवर ५ गॉसची (जिथून पुढे चुंबकाची ओढ धोक्याची मानतात ती) रेषा रंगवतात आणि, चुंबकच रुग्णाकडे सरकवायचा असेल तर, तो आत येण्याआधी प्रत्येक अवजार, सुई, क्लिप मोजून रेषेबाहेर नेतात. मोजणीत एक सुई जरी कमी भरली, तरी ती सापडेपर्यंत चुंबक हलवत नाहीत.