मुलाच्या छातीतील गाठ

प्रश्न : माझा मुलगा 14 वर्षांचा असून नववीत शिकतो. चार-पाच महिन्यांपासून त्याच्या दोन्ही स्तनाग्रांखाली सुपारीएवढी गाठ लागते आणि सदरा घासला तरी दुखते. लाजेपायी त्याने विहिरीवर पोहायला जाणे सोडले आहे. गावात कोणी कोंबडी बंद करा म्हणतात, तर कोणी गाठ दाबून जिरवा म्हणतात. हे कायम राहील का?
– एक वडील, परभणी जिल्हा

उत्तर : गाठ कृपया दाबू नका, त्याने ती जिरत नाही, दुखणे मात्र वाढते. कोंबडीलाही दोष देण्याचे कारण नाही. पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनबरोबर इस्ट्रोजेन हे स्त्रीसंप्रेरकही थोड्या प्रमाणात असतेच, कारण अरोमाटेज नावाचे विकर (एन्झाइम) टेस्टोस्टेरॉनचेच काही अंशी इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते. वयात येताना या दोहोंचा तोल काही काळ ढळतो आणि स्तनाग्राखालची ग्रंथी वाढते. याला गायनेकोमॅस्टिया म्हणतात. निम्म्याहून अधिक मुलांमध्ये तो कमी-अधिक दिसतो आणि बहुतेकांचा सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप ओसरतो. चरबीच्या पेशींतही हे विकर असल्यामुळे वजन जास्त असेल तर ते आटोक्यात आणावे.

तरीही डॉक्टरांनी एकदा मुलाला नीट तपासावे आणि त्या तपासणीत वृषणांची तपासणी टाळू नये, असा माझा आग्रह आहे. संकोचापोटी नेमकी तीच राहून जाते. वृषण वयाच्या मानाने फारच लहान व टणक असतील, तर क्लाइनफेल्टर सिंड्रोमची, म्हणजे एक्स गुणसूत्र जादा असण्याची शक्यता पाहावी लागते. वृषणात गाठ लागली, तर सोनोग्राफी लगेच करावी. स्तनाग्रातून दूध येत असेल, सोबत डोके दुखत असेल किंवा नजर अंधुक होत असेल, तर रक्तातील प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करणारे संप्रेरक, तपासावे लागते, कारण मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीतील गाठीमुळेही असे घडते आणि त्यावर गोळ्यांचा चांगला उपयोग होतो.

प्रौढ वयात हाच बदल दिसला, तर यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड आणि चालू औषधे यांचा विचार आधी करावा. स्पायरोनोलॅक्टोन हे सूज व रक्तदाबावरचे औषध आणि व्यायामशाळांतून मिळणारी स्टेरॉइडची इंजेक्शने ही त्यातील परिचित कारणे आहेत. एकाच बाजूची दगडासारखी कडक गाठ किंवा रक्तमिश्रित स्राव असेल, तर एक दिवसही थांबू नये, कारण पुरुषांनाही स्तनाचा कर्करोग होतो.

आपल्या मुलाच्या बाबतीत यांतले काही आढळले नाही, तर औषधाची घाई नको. दर सहा महिन्यांनी तपासणी पुरेशी आहे. त्याला एकांतात बसवून, हा वाढीतलाच बदल आहे आणि वर्गातल्या इतरांनाही होत असतो, हे आपण स्वतः सांगावे. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखवता येईल. जाताना आजवर दिलेल्या सर्व गोळ्यांची, मलमांची आणि पावडरींची पाकिटे सोबत न्यावीत.