दिवे बंद, पण टेस्टर दोन्ही भोकांत पेटतोय: सगळं वायरिंग बदलावं लागेल का?

लगेच होकार देऊ नका. तुम्ही लिहिलंय की कोथरूडमधल्या वीस-बावीस वर्षं जुन्या फ्लॅटमध्ये हॉलचे दिवे आठवडाभर फडफडत होते. गुरुवारी लाईट जाऊन आली आणि हॉल व बेडरूमचे दिवे-पंखे बंदच पडले. किचन चालू आहे, एमसीबी पडलेला नाही, हॉलच्या प्लगच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो, आणि वायरमन म्हणतो सगळं वायरिंग नवीन करा. ही लक्षणं मी पंचवीस वर्षांच्या कामात ढीगभर घरांत पाहिली आहेत. न्यूट्रल (वीज परत नेणारी काळी वायर) कुठेतरी एका जॉइंटला सुटलाय, आणि बहुतेक वेळा तो जॉइंट एखाद्या बोर्डाच्या आत सापडतो.

दोन्ही भोकांत टेस्टर का पेटतो ते आधी समजून घ्या. फेज (आत येणारी वीज) नीट येतोय. तो चालू बटणातून दिव्यात जातो, दिव्यातून न्यूट्रलच्या वायरीत उतरतो, आणि पुढे वाट तुटलेली असल्यामुळे तिथेच थांबतो. म्हणून काळ्या वायरीलाही टेस्टर पेटतो. एमसीबी जास्त प्रवाह गेला तर पडतो, इथे प्रवाहच थांबलाय, मग तो पडणार कसा? खात्री करायची तर त्या दोन खोल्यांतली सगळी बटणं बंद करा, चार्जर, टीव्ही, सगळे प्लग काढा आणि पुन्हा टेस्टर लावा. एका भोकातला उजेड गेला तर निदान पक्कं. मात्र बोर्डावर लाल इंडिकेटर असेल तर तो कायम जोडलेला असतो, आणि टेस्टर पेटण्याइतका फेज त्यातूनही येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दिवा लागत नाही म्हणजे वायर मेलेली आहे, असं कधीही धरू नका. उमेदवारीच्या काळात शुक्रवार पेठेतल्या एका वाड्यात मी हेच धरून चाललो. दिवा बंद होता म्हणून होल्डर उघडला, न्यूट्रलला हात लागला, आणि शेजारच्या खोलीतल्या चालू पंख्यातून आलेल्या फेजने मला स्टुलावरून खाली फेकलं. मध्ये पंख्याचं वाइंडिंग असलं तरी माणूस मरेल इतका प्रवाह त्यातून सहज येतो. त्यामुळे बोर्ड उघडण्याआधी मेन स्विच बंद करा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, कारण दिवे-पंख्यांची लाईन बहुधा इन्व्हर्टरवरच असते आणि मेन पाडल्यावरही ती जिवंत राहते. हे विसरल्यामुळे शॉक बसलेले अनुभवी वायरमनही मी पाहिले आहेत.

शेजाऱ्यांनाही एकदा विचारा. काही फ्लॅटमध्ये दिवे मंद आणि काहींत भगभगीत असा प्रकार असेल, तर तीन फेजचा न्यूट्रल इमारतीच्या मीटररूममध्ये किंवा त्याच्याही मागे तुटलाय. तेव्हा २३० व्होल्टच्या जागी ४०० च्या जवळपास दाब येऊ शकतो आणि फ्रिज, टीव्ही जळतात. लगेच मेन पाडा आणि महावितरणला १९१२ वर कळवा. तुमचं किचन व्यवस्थित चालतंय, त्यामुळे तुमच्याकडे तसं दिसत नाही.

जॉइंट शोधायचा कसा? आपल्याकडे न्यूट्रल एका बोर्डातून दुसऱ्यात असा लूप करत नेलेला असतो. म्हणून कागदावर लिहा, कुठला पॉइंट चालतो आणि कुठला नाही. शेवटचा चालू बोर्ड आणि पहिला बंद बोर्ड, दोष या दोघांच्या मध्ये. माझ्या अनुभवात त्या दोन बोर्डांतच तो निघतो, भिंतीतल्या पाइपात क्वचित. प्लेट काढा आणि काळ्या वायरींचा झुपका बघा. टेप कडक होऊन काळवंडलीय का, कव्हर तपकिरी पडलंय का, जळका वास येतोय का. एकेक वायर हलकेच ओढा. सुटलेली वायर हातात येते. दिसलं नाही तर सगळं बंद असताना मल्टिमीटर बीपवर ठेवून, लांब वायर लावून मेन बॉक्सच्या न्यूट्रल पट्टीपासून एकेका बोर्डाच्या न्यूट्रलपर्यंत तपासत जायचं. जिथे बीप थांबतो त्याच्या आधीचा तुकडा दोषी. मल्टिमीटर नसेल तर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत साधा मिळतो.

तुमच्या दिव्यांची आठवडाभराची फडफड हीच त्या सैल जॉइंटची हाक होती. सैल तांब्यात ठिणग्या उडतात, जॉइंट तापतो, तांबं काळं पडतं, पकड आणखी सुटते. लाईट आल्यावर घरातलं सगळं एकदम सुरू झालं आणि उरलेली पकडही गेली. आग लागण्याचा धोका याच फडफडीच्या दिवसांत सगळ्यात जास्त असतो. पुन्हा कधी दिवे असे लुकलुकले तर दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

दुरुस्ती छोटी आहे. काळं पडलेलं टोक कापा, चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर सोला, आणि स्क्रूच्या कनेक्टरमध्ये घट्ट बसवा. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेला जॉइंट पुन्हा सुटतो. वायर पाइपात तुटली असेल तर जुनीला नवी बांधून तेवढाच तुकडा ओढून घेतात. हे काम लायसन्स असलेल्या वायरमनकडून करून घ्या, फक्त तुम्ही शेजारी उभे राहा.

उभे राहा म्हणतोय कारण तुटलेला न्यूट्रल सापडला नाही की काही जण अर्थिंगलाच न्यूट्रल म्हणून जोडतात. दिवे लागतात, मालक खूश, वायरमन पैसे घेऊन जातो. पुढे ती अर्थिंगची वायर कुठे सुटली की त्याच वायरीतून गीझरच्या आणि फ्रिजच्या पत्र्यावर फेज येतो. असं काम कोणी करू लागला तर त्याला तिथेच थांबवा. आरसीसीबी (वीज अर्थिंगकडे गळली की पडणारा सुरक्षा-स्विच) असेल तर तो अशा जोडणीवर लगेच पडतो, आणि मग 'तो खराब आहे' म्हणून काढून टाकायला सांगतात. तो अजिबात काढू देऊ नका.

वायरिंग खरंच बदलावं लागतं, पण त्याची कारणं वेगळी असतात: वायर वाकवल्यावर कव्हर तडकणं, ॲल्युमिनियमच्या वायरी, घरभर अर्थिंगच नसणं, पावसाळ्यात ओल झिरपून लीकेज होणं. हे ठरवायला वायरमनला मेगर (वायरींचं इन्सुलेशन मोजायचं मीटर) आणायला सांगा. एलईडी आणि इतर उपकरणं काढून ५०० व्होल्टवर इन्सुलेशन मोजलं आणि ते १ मेगाओहमच्या वर आलं, तर या एका बिघाडासाठी भिंती फोडायची गरज नाही. खाली आलं तर मीही त्याच्या बाजूने बोलेन.

जॉइंट झाल्यावर दोन्ही खोल्यांतलं सगळं अर्धा तास चालू ठेवा. मग मेन आणि इन्व्हर्टर बंद करा, टेस्टरने पाहा, आणि कनेक्टरला बोट लावा. गार असेल तर प्लेट बसवून टाका.