वाचकांचे प्रश्न : वाणिज्य आणि कायद्यातील पीएच.डी.साठी अर्थसाहाय्य

प्रश्न : मी व्यापारविषयक कायद्यांत एलएल.एम. केले असून इचलकरंजीत कंपनी कायद्याचे काम पाहणाऱ्या एका कार्यालयात नोकरी करते. ब्रिटनमध्ये काही विद्यापीठांत व्यवसाय आणि कायदा यांची एकत्र विद्याशाखा असते. तेथे अर्थसाहाय्यासह पीएच.डी. करण्याची माझी इच्छा आहे. ‘दिवाळखोरी कायदा आणि लघुउद्योग’ हा विषय मी दोन ठिकाणी कळवला, तेव्हा तो फार व्यापक असल्याचे उत्तर आले. अर्ज कसा करावा? पतीला सोबत नेता येईल का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आपला विषय उत्तम आहे, परंतु आपण नेमके काय शोधणार हे त्या शीर्षकावरून कळत नाही. अर्थसाहाय्याच्या जागा मोजक्या असतात. निवड समितीपुढे चांगल्या गुणांचे अर्ज पुष्कळ येत असल्यामुळे निर्णय बहुतांशी संशोधन आराखड्यावरच होतो. म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या गावातलेच उदाहरण घ्या. एखाद्या यंत्रमागधारकाचे तीस-चाळीस लाख रुपये कापड खरेदी करणाऱ्या कंपनीकडे अडकले आहेत. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनुसार माल पुरवणारा धनको म्हणून तो राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे जाऊ शकत होता, कारण थकबाकीची किमान मर्यादा तेव्हा एक लाख रुपये होती. २४ मार्च २०२० रोजी ती एक कोटी करण्यात आली आणि त्याच्यापुरता हा मार्ग बंद झाला. (खरेदीदार मुळात कंपनी नसून मालकी पेढी असेल, तर तो मार्ग त्याच्यासाठी नव्हताच, ही मर्यादाही आराखड्यात स्पष्ट लिहावी.) आता त्याच्या हाती २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा उरतो. त्यानुसार, लेखी करार असला तरी, खरेदीदाराने ४५ दिवसांच्या आत पैसे दिले पाहिजेत, उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते आणि अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे तक्रार नेता येते. शिवाय २०२४-२५ या आकारणी वर्षापासून, सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे मुदतीत न देणाऱ्या खरेदीदाराला त्या खर्चाची प्राप्तिकरातील वजावट प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही.

यातून आपला प्रश्न तयार होतो : न्यायाधिकरणाचा मार्ग बंद झालेले लघुउद्योजक वसुलीसाठी कोणता मार्ग धरतात, आणि करविषयक तरतुदीमुळे खरेदीदारांच्या पैसे देण्याच्या सवयीत काही फरक पडला का? पहिला भाग कायद्याचा आणि दुसरा लेखाशास्त्राचा असल्यामुळे दोन्ही विषयांचे प्राध्यापक एका छताखाली असलेली विद्याशाखा आपल्याला का हवी, याचे कारणही त्यातच मिळते. साधनसामग्रीही उपलब्ध आहे. न्यायाधिकरणाचे आदेश प्रसिद्ध होतात. ज्या खरेदीदारांच्या हिशेबांचे लेखापरीक्षण बंधनकारक असते, त्यांना लघुउद्योगांची थकबाकी वार्षिक हिशेबात दाखवावी लागते. त्याशिवाय ४५ दिवसांहून अधिक काळ रक्कम थकवणाऱ्या कंपन्यांना कंपनी निबंधकांकडे सहामाही विवरणपत्र भरावे लागते, आणि आपल्या कार्यालयात ही विवरणपत्रे आपण स्वतः भरली असतील, तर तो अनुभव आराखड्यात आवर्जून नमूद करा.

हे संशोधन ब्रिटनमध्येच का करायचे, हा प्रश्न मुलाखतीत नक्की येईल. तेथे १९९८ च्या कायद्यानुसार व्यापारी देणे उशिरा दिल्यास बँक ऑफ इंग्लंडच्या मूळ दरावर ८ टक्के अधिक व्याज द्यावे लागते, आणि २०१७ पासून मोठ्या कंपन्यांना पुरवठादारांचे पैसे सरासरी किती दिवसांत दिले हे वर्षातून दोनदा जाहीर करावे लागते. पैसे वेळेवर मिळावेत म्हणून एक देश जाहीर माहितीवर भर देतो आणि दुसरा करातील वजावटीवर. ही तुलना आपल्या आराखड्याचा कणा होऊ शकते.

मार्गदर्शकाला पत्र लिहिताना सविस्तर परिचयपत्र बाजूला ठेवावे. त्यांचा एखादा लेख खरोखर वाचून आपला प्रश्न त्याच्याशी कोठे जुळतो, एवढेच चार-पाच वाक्यांत लिहावे आणि एक पानाचा आराखडा सोबत जोडावा. अनेकांना एकच पत्र पाठवण्याची पद्धत मला योग्य वाटत नाही. वाचणाऱ्याला ते लगेच कळते.

पैशांच्या बाबतीत ‘पूर्ण अर्थसाहाय्य’ या शब्दांवर विसंबू नका. ब्रिटनच्या शासकीय संशोधन परिषदांच्या जागांवर २०२१ पासून परदेशी विद्यार्थ्यांनाही घेतात, मात्र त्यांचे प्रमाण ३० टक्क्यांपर्यंतच असते. या जागांवर २०२५-२६ साठी किमान विद्यावेतन वर्षाला २०,७८० पौंड असून, स्थानिक आणि परदेशी शुल्कातील फरक विद्यार्थ्याकडून घेता येत नाही. विद्यापीठांच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्यांना हा नियम लागू नाही. त्यांपैकी काही फक्त स्थानिक शुल्काइतकीच रक्कम देतात, आणि उरलेला फरक दरवर्षी स्वतः भरावा लागला तर मध्यमवर्गीय कुटुंबाची पुरती दमछाक होते. म्हणून अर्जापूर्वीच प्रवेश विभागाकडून तीन बाबी लेखी मागवाव्यात : परदेशी शुल्क पूर्ण माफ आहे का, विद्यावेतन किती वर्षे मिळेल, आणि व्हिसासोबत भरावा लागणारा वर्षाला ७७६ पौंडांचा आरोग्य अधिभार कोण भरणार. ऑक्टोबरमध्ये सुरू होणाऱ्या जागांची मुदत बहुधा आदल्या हिवाळ्यातच संपते, तेव्हा दिवाळीपर्यंत आराखडा तयार असावा.

पतीला सोबत नेता येईल. जानेवारी २०२४ पासून ब्रिटनने बहुतेक परदेशी विद्यार्थ्यांची ही सवलत काढून घेतली असली, तरी पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी ती कायम आहे. पतीच्या निर्वाहाची रक्कम मात्र वेगळी दाखवावी लागते.

प्रश्न : माझे वय ३२ असून मी खुल्या प्रवर्गातील आहे. एलएल.एम. झाल्यावर वकिली केली. कनिष्ठ संशोधन फेलोशिपसाठी (जेआरएफ) माझे वय उलटून गेले का? मिळाल्यास वकिली चालू ठेवता येईल का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : जेआरएफची वयोमर्यादा ३० आहे, परंतु एलएल.एम. पदवीधारकांना तीन वर्षांची सवलत मिळते. ही सवलत अनेकांना माहीत नसते आणि पात्र उमेदवार अर्जच करत नाहीत, याची मला खंत वाटते. आपल्याला अद्याप संधी आहे. जेआरएफसाठी ज्या परीक्षेतून निवड होते, ती पुढची नेट परीक्षा चुकवू नका. महिलांना पाच वर्षांची सवलत आहे. मात्र सर्व सवलती मिळून पाच वर्षांपेक्षा अधिक होत नाहीत, त्यामुळे एलएल.एम. झालेल्या महिलेसाठीही मर्यादा ३५ च राहते. आपले व्यवस्थापन शाखेतील मित्र विचारत असतील, तर एम.बी.ए.साठी अशी सवलत नाही.

जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. घरभाडे भत्ता वेगळा. ही फेलोशिप पूर्णवेळ संशोधनासाठी असल्यामुळे वकिली थांबवावी लागेल. अर्धवेळ पीएच.डी. करता येते, पण ती या फेलोशिपवर नाही.

निकाल लागल्यानंतर गाइड शोधू, असे म्हणून थांबू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात. कायद्याच्या विषयांत मान्यताप्राप्त मार्गदर्शक आधीच कमी आहेत. फेलोशिपचे पत्र हाती आले, तरी कोणाकडे जागा रिकामी होईपर्यंत नोंदणी होत नाही आणि त्या पत्राची मुदत तीन वर्षांचीच असते.