लाव्हा पांढरा का येतो?

प्रश्न: नमस्कार ताई, मी कोल्हापूरकडे लग्नाचं शूटिंग करायचो, आधी खांद्यावर पॅनासॉनिक एम-3000 हा व्हीएचएस कॅमेरा, मग छोट्या टेपचा मिनी डीव्ही, आता बंद केलंय. मुलगी 2021 ला आइसलँडचा ज्वालामुखी बघून आली. मोबाईल चांगला महागातला आहे तिचा, पण व्हिडिओत लाव्हा पांढरट पिवळा दिसतो आणि टीव्हीवर 16 एमएमच्या जुन्या फिल्म दाखवतात त्यात लालभडक. कॅमेरे एवढे सुधारले तरी हे उलटं कसं काय? आणि तेव्हाचे लोक एवढ्या जवळ जाऊन शूट करायचे तरी कसे?

उत्तर: दादा, लग्नात होमाचा क्लोजअप घेताना ऑटोवर ठेवलं की जाळ पांढराफक्क व्हायचा आणि तुम्ही हाताने आयरिस (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) बंद करायचात, आठवतंय ना? इथेही नेमकं तेच झालंय. फ्रेममधे बहुतेक सगळा काळा दगड असतो, मोबाईलला वाटतं अंधार आहे, तो उजेड वाढवतो, मग सेन्सर लाल, हिरवा, निळा असा वेगवेगळा मोजतो त्यातला लाल आधी काठोकाठ भरतो, मागोमाग हिरवा, म्हणून तो आधी पिवळा आणि मग पांढरा होतो. 16 एमएमच्या बहुतेक कॅमेऱ्यांत ऑटो नव्हतंच. उजेड मोजायचा मीटर बघून, लाव्ह्याला धरून ॲपर्चर (तेच आयरिसचं भोक) लावायचं, बाकी दगड काळा पडला तर पडू दे. म्हणजे तो लाल रंग कॅमेऱ्याचा कमी आणि चालवणाऱ्याचा जास्त.

आणि हाल किती, 100 फुटांचा रोल 24 फ्रेमवर पावणेतीन मिनिटांत संपायचा. चावीच्या कॅमेऱ्याला बॅटरी लागत नसे ही एक सोय, पण एका चावीत साधारण अर्धा मिनिट शॉट, परत चावी द्या, राख उडत असताना रोल बदला. पुढे व्हिडिओ आला तरी ट्यूबवाल्या कॅमेऱ्यात (चित्र पकडायला काचेची नळी असलेल्या) रात्रीच्या लाव्ह्यामागे उजेडाची शेपटी ओढली जायची, ट्यूबवर डागसुद्धा राहायचा. ट्यूबच्या जागी सीसीडी चिप आली आणि ती कटकट गेली, पण टेप होती तोवर हेडमधे राख जायची भीती होतीच, कारण ही राख म्हणजे काचेचा चुरा असते, लेन्सवर बसली तर फुंकणीने उडवायची, कपड्याने पुसलं की ओरखडे पक्के.

जवळ जाण्याबद्दल विचारलंत तर मॉरिस आणि कात्या क्राफ्ट या फ्रेंच नवरा-बायकोचं नाव घ्यावंच लागेल. ते ज्वालामुखी दोन प्रकारचे मानायचे, लाल आणि करडे. लाल म्हणजे हवाई, आइसलँडसारखे, लाव्हा वाहतो, वारा बघून बऱ्यापैकी जवळ जाता येतं (आपला सह्याद्रीही अशाच वाहून आलेल्या लाव्ह्याचा, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा). करडे मात्र स्फोट होणारे, तापलेल्या राखेचा आणि वायूचा लोट गाडीच्या वेगाने खाली येतो, पळायला वेळच मिळत नाही. 3 जून 1991 ला जपानच्या उन्झेन ज्वालामुखीवर अशाच लोटात दोघं गेले, एकूण 43 माणसं गेली, त्यात बरेच पत्रकार आणि कॅमेरामन. एका जपानी टीव्ही कॅमेरामनचा वितळलेला कॅमेरा 2005 मधे राखेतून निघाला आणि आतली टेप दुरुस्त करून बघता आली.

पण मला सगळ्यात मोठी वाटते ती पुढची गोष्ट. क्राफ्टनी अशा लोटांचं, चिखलाच्या पुरांचं चित्रण जोडून धोका समजावणारी टेप केली होती. त्याच वर्षी फिलिपाइन्समधे पिनातुबो ज्वालामुखी जागा झाला तेव्हा ती अधिकाऱ्यांना आणि लोकांना दाखवली, नकाशे बघून न पटलेलं बऱ्याच जणांना ती बघून पटलं आणि 15 जूनच्या मोठ्या स्फोटाआधी हजारो माणसं बाहेर काढली गेली. क्राफ्टना जाऊन तेव्हा बाराच दिवस झाले होते.

आता तेवढं जवळ जावंच लागत नाही. मुलगी गेली त्याच 2021 च्या आइसलँडच्या उद्रेकात तिथल्या सरकारी वाहिनीने डोंगरावर कॅमेरा लावून लाइव्ह दाखवलं आणि ड्रोन थेट विवरावरून फिरले. ड्रोन वितळला तर पैसे गेले, माणूस घरी येतो, माझ्या मते कॅमेऱ्यात झालेली ही सगळ्यात चांगली सुधारणा.

मुलीला सांगा, पुढच्या वेळी लाव्ह्यावर बोट दाबून धरून एक्सपोजर लॉक करायचं, मग खाली ओढायचं, आणि ॲपमधे व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग जुळवणारी सेटिंग) लॉक होत असेल तर उन्हाच्या सेटिंगला ठेवायचा. आत्ताच्या व्हिडिओतला पांढरा भाग एडिटिंगमधे परत येणार नाही, तिथे रंगाची माहितीच उरलेली नाही, उगाच लाल चढवलात तर गुलाबी ठिगळ दिसेल. कडेच्या दगडांवर पडलेला लाल उजेड आणि धूर मात्र चांगला आला असेल, ते शॉट ठेवा. आणि लग्नाच्या कॅसेटसारखं आवाज काढून गाणं टाकू नका, आवाजातही माहिती असते. 2014 मधे पापुआ न्यू गिनीतल्या तावुरवुर ज्वालामुखीचा स्फोट एका पर्यटकाने बोटीतून शूट केला, त्यात स्फोट दिसल्यावर साधारण 13 सेकंदांनी धडाका ऐकू येतो, आवाज तीन सेकंदांत एक किलोमीटर जातो, म्हणजे बोट चार-साडेचार किलोमीटर लांब होती हे नुसत्या आवाजावरून काढता येतं.