स्वस्त वाटणारी कोल्हापूर पासिंगची गाडी घ्यावी का?

कर्नाटकातील निपाणीहून एका शिक्षक वाचकांनी विचारले आहे की, कोल्हापुरात सात लाखांना मिळणारी २०२१ सालची डिझेल एसयूव्ही घ्यावी, की सहा लाखांचे सात वर्षांचे कर्ज काढून नवी छोटी पेट्रोल गाडी घ्यावी. घरात शिल्लक चार लाख आहे आणि धाव महिना ५०० किलोमीटर, तीही बहुतेक शाळा, बाजार आणि वडिलांचा दवाखाना एवढीच.

डिझेल गाडी आपण घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाचे नवे निकष पाळणाऱ्या) डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडवणारी डीपीएफ ही गाळणी असते. ती स्वच्छ राहण्यासाठी गाडी अधूनमधून हायवेवर सलग, ठरावीक वेगात पळावी लागते, आणि गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत ती तुंबत जाते. तिची दुरुस्ती महाग पडते. एवढ्या कमी धावेत डिझेलची बचतही महिन्याला काही शेकडा रुपयांपलीकडे जात नाही.

दुसरा खर्च पासिंगचा आहे. परराज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ इथे ठेवायची तर मूळ आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) आणून चिक्कोडीच्या आरटीओत के.ए. २३ क्रमांक घ्यावा लागतो. कर्नाटकाचा आजीवन कर देशातील चढ्या करांपैकी असल्याने, वयानुसार सूट मिळूनही ही रक्कम लाखाच्या घरात जाऊ शकते. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण त्यासाठी हेलपाटे घालण्याची तयारी हवी. शिवाय जुलै २०२१ मध्ये कोल्हापूर पुरात होते, त्यामुळे त्या सालची गाडी पाण्यात उभी होती का, हे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून, सीटखालचा गंज पाहून आणि विमा दाव्यांची नोंद मागवून तपासावेच लागेल.

नवी गाडी चांगली, परंतु सात वर्षांचे कर्ज मला पटत नाही. साडेनऊ टक्क्यांनी सहा लाखांचा हप्ता सुमारे ९,८०० रुपये होतो आणि व्याजापोटी सव्वादोन लाख जातात. त्याऐवजी कर्नाटक पासिंगची, तीन-चार वर्षे वापरलेली, एकाच मालकाची आणि सर्व्हिसच्या सर्व नोंदी असलेली साधी पेट्रोल गाडी पाच लाखांच्या आसपास शोधावी. दोन लाख रोख आणि तीन लाख कर्ज धरले, तर जुन्या गाडीचा चढा, म्हणजे बारा टक्के दर गृहीत धरूनही तीन वर्षांचा हप्ता दहा हजारांच्या आत राहतो आणि व्याज साठ हजारांच्या आत संपते. उरलेले दोन लाख वडिलांच्या उपचारांसाठी बाजूला ठेवावेत. गाडीच्या ॲक्सेसरीजसाठी त्यांना हात लावू नये.

व्यवहारापूर्वी आपल्या ओळखीच्या मेस्त्रीकडून गाडी लिफ्टवर चढवून तपासून घ्यावी. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. मालकी हस्तांतराच्या फॉर्म २९ व ३० वर सह्या झाल्यावर चौदा दिवसांच्या आत विमाही आपल्या नावावर करून घ्यावा.