यूपीआय आलं तरी बीआरटी हळूच का?

प्रश्न: अहमदाबादला भाचीकडे गेले होते, तिथे जनमार्गच्या, म्हणजे तिथल्या बीआरटीच्या (बससाठी वेगळी लेन असते ती) स्टेशनवरच तिकीट काढून मग आत सोडतात. आमच्या पुण्यात बीआरटीच्या बसमध्ये कंडक्टरच येतो, पण आता यूपीआय चालतं ना, म्हणजे दोन्हीकडे कॅशलेस झालंच की, मग फरक काय राहिला? आणि ते एनसीएमसी कार्ड, देशभर बस-मेट्रोला एकच चालावं म्हणून काढलेलं, घेऊन ठेवू का?

उत्तर: ताई, पैसे कशाने देता यापेक्षा कुठे देता याला महत्त्व आहे. ब्राझीलमधलं कुरितिबा बघा, बीआरटीची आयडिया जगभर गेली ती तिथूनच. १९९१ मध्ये त्यांनी काचेच्या नळीसारखी स्टेशनं बांधली आणि नळीच्या तोंडाशी माणूस बसून चक्क रोख पैसे घ्यायचा. तरी बस झपाझप निघायची, कारण तिकीट आधीच झालेलं, फलाट बसच्या उंचीला, दारं एकदम उघडणार आणि ड्रायव्हरला सुट्ट्या पैशांशी काही घेणंदेणं नाही.

बसमधल्या यूपीआयचं कसं होतं, आधी क्यूआर स्कॅन करा, मग तुमचं नेट, मग बँकेचा सर्व्हर, मग कंडक्टरची खात्री पटणार, आणि हे सगळं गर्दीत एका हाताने दांडा धरून. सुट्ट्यांची कटकट मिटली हे खरं आणि ते काही कमी नाही, पण बस वेगात जायला त्याचा फारसा उपयोग नाही.

एनसीएमसी २०१९ मध्ये आलं. त्यात पैसे चिपमध्येच असतात, गेटवर बँकेला विचारत बसावं लागत नाही म्हणून टॅप केलं की झालं. गोची दोन. मोबाईलवरून टाकलेले पैसे आपोआप चिपमध्ये उतरत नाहीत, कार्ड मशीनला लावून बॅलन्स अपडेट करावा लागतो, लोक नेमके इथेच वैतागतात. आणि कार्ड हरवलं तर चिपमधले पैसे गेलेच समजा, त्यामुळे लिमिट जास्त असली तरी मी तरी दोनतीनशे रुपयेच ठेवीन. तुमच्या रूटवर चालतं का ते आधी विचारा, मगच घ्या.

प्रश्न: काही ठिकाणी उतरतानाही कार्ड लावायला सांगतात, ते कशाला?

उत्तर: भाडं अंतरावर असेल तर तुम्ही कुठे उतरलात ते मशीनला कळायला नको का? तुर्कस्तानातल्या इस्तंबूलच्या मेट्रोबसला, म्हणजे तिथल्या बीआरटीला, चढतानाच सगळ्यात लांबचं भाडं कापतात, जवळ उतरलात तर बाहेरच्या मशीनला कार्ड लावून उरलेले परत घ्यायचे. विसरलात तर पूर्ण भाडं गेलं.